नवं काडतूस जुन्याहून सरस आहे का, हे कसं ठरवावं

शिकारीसाठीचं नवं रायफल काडतूस बाजारात आलं की त्याच्याबरोबर तीन आकडे हमखास येतात: नळीच्या तोंडाशी वेग, तिथली ऊर्जा आणि गोळीचा बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे बीसी (गोळी हवा किती सहज कापते याचा आकडा). तिन्ही आकडे खरे असले तरी निवड करायला पुरत नाहीत. त्यांतला एकही जनावरापाशी मोजलेला नसतो आणि एकही तुमच्या रायफलीत मोजलेला नसतो. गोळी जनावराला लागते तेव्हा तिचा वेग किती उरतो, त्या वेगाला ती नीट उमलते (लागल्यावर पसरते) का, त्यासाठी खांद्याला किती सोसावं लागतं आणि हे काडतूस पुढची दहा-पंधरा वर्षं मिळत राहील का, यावरच काडतूस तोलायचं असतं. पाकिटावरचं नाव आणि कवचाचा (दारू आणि गोळी धरून ठेवणाऱ्या नळकांड्याचा) आकार त्यानंतर.

आधी स्वतःची हद्द मोजा

कोणतंही काडतूस बघण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: जनावर कोणतं, जास्तीत जास्त अंतर किती, रायफलीची नळी किती इंची, आणि स्कोपसकट रायफलीचं वजन किती. यातलं अंतर मनानं लिहू नका, मोजून लिहा. २० सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ कागदावर काढा. मध्यम आकाराच्या हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण तेवढा असतो. मग बाकावरून नाही, तर बसून, गुडघ्यावर, पिशवीचा टेकू घेऊन किंवा काठ्यांच्या आधारानं, जसं शिकारीत मारावं लागतं तसं मारा. नळी थंड ठेवून वेगवेगळ्या दिवशी मारलेल्या दहापैकी दहा गोळ्या वर्तुळात राहतात ते अंतर तुमचं. नऊ राहिल्या तर ते अंतर तुमचं नाही.

बहुतेकांची खरी हद्द ३०० यार्डांच्या आत निघते. ही गोष्ट आधी कळणं फार मोलाचं आहे, कारण नव्या काडतुसांचे बहुतेक फायदे त्या पुढेच दिसायला लागतात.

एक तुलना, आकड्यांसकट

६.५ क्रीडमूर हे २००७ साली आलेलं काडतूस, आणि ७ एमएम पीआरसी २०२२ चं. दोन्ही हॉर्नडी या अमेरिकी कंपनीची. पहिल्यात १४३ ग्रेनची (सुमारे ९.३ ग्रॅमची) शिकारी गोळी २४ इंची नळीतून २,७०० फूट प्रतिसेकंद वेगानं निघते. दुसऱ्यात तशाच घडणीची १७५ ग्रेनची गोळी ३,००० फुटांनी. तोंडाशी ऊर्जा अनुक्रमे सुमारे २,३१० आणि ३,५०० फूट-पाऊंड. पाकिटावर हाच फरक डोळ्यांत भरतो.

आता हेच ३०० यार्डांवर बघा. पहिलीचा वेग २,२८० फुटांच्या आसपास उरतो, दुसरीचा २,५७० च्या आसपास. २०० यार्डांवर नेम बसवला असेल तर ३०० ला पहिली सुमारे ८ इंच खाली येते, दुसरी सुमारे ६ इंच. ताशी १० मैलांचा आडवा वारा पहिलीला ५ इंचांच्या आसपास ढकलतो आणि दुसरीला ४ इंचांहून थोडा अधिक. म्हणजे वाऱ्यातला फरक इंचभरही नाही. वाऱ्याचा अंदाज बांधताना माणूस दोन-तीन मैलांनी सहज चुकतो, आणि त्या चुकीपुढे हा फरक दिसतही नाही.

५०० यार्डांवर चित्र बदलतं. वेग साधारण २,०३० आणि २,३००, वाऱ्यातली ढकल सुमारे १५ आणि साडेबारा इंच. इथे नवं काडतूस खरंच काही देतं, विशेषतः वेगात. एल्कसारख्या (मोठ्या जातीच्या हरणासारख्या) जनावरावर एवढ्या अंतरावरून मारण्याची तयारी ज्याच्यापाशी आहे, त्याला ७ एमएम पीआरसी उपयोगाचं आहे. ज्याची हद्द २५० यार्ड आहे, त्याला त्यातून मिळतो तो बहुतांशी जादा धक्काच.

वाऱ्याचा हिशेब स्वतः करायचा तर सोपी रीत आहे. बॅलिस्टिक गणकयंत्रातून गोळीला त्या अंतरापर्यंत लागणारा वेळ घ्या. सुरुवातीचा वेग तसाच टिकला असता तर किती वेळ लागला असता तो त्यातून वजा करा. उरलेल्या सेकंदांना वाऱ्याच्या वेगानं गुणलं की ढकल मिळते. ताशी १० मैल म्हणजे सेकंदाला १७६ इंच. दोन काडतुसांची तुलना नेहमी याच पद्धतीनं, तुमच्या अंतरावर करा. हजार यार्डांचे तक्ते बाजूला ठेवा.

गोळी उमलते कधी

जनावर पाडण्याचं काम गोळी करते, कवच नाही. म्हणून नव्या काडतुसाचा विचार करताना त्यात भरलेल्या गोळीचा किमान वेग शोधा, म्हणजे ज्याखाली ती उमलत नाही आणि सुईसारखी आरपार निघून जाते. शिशाचा गाभा आणि तांब्याचं आवरण असलेल्या नेहमीच्या गोळ्यांसाठी १,८०० फूट प्रतिसेकंद हा धरून चालण्याजोगा आकडा. अखंड तांब्याच्या गोळ्यांसाठी २,००० धरा. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या काही गोळ्या याहून कमी वेगालाही उमलतात, पण ते निर्मात्यानं स्पष्ट लिहिलं असेल तरच माना.

वरच्या ६.५ क्रीडमूरच्या गोळीचा वेग २,००० फुटांवर येतो तो ५२५ यार्डांच्या सुमारास, आणि १,८०० वर येतो ७०० यार्डांच्या जरा अलीकडे. हीच गोळी २० इंची नळीतून २,६०० नं निघाली तर २,००० ची रेघ ४५० यार्डांच्या आसपास सरकते. तांब्याची गोळी घेतली तर ती त्याच वजनाला लांब होते, बीसी बहुधा कमी निघतो आणि रेघ आणखी अलीकडे येते. काही ठिकाणी शिशाची गोळी चालतच नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीसाठी बिनशिशाची काडतुसं सक्तीची आहेत. अशा ठिकाणी शिकार करणाऱ्यानं जाहिरातीतल्या शिशाच्या गोळीचे आकडे वाचण्यात अर्थ नाही. त्या काडतुसात तांब्याची गोळी कोण भरतं आणि किती वेगानं, एवढंच विचारावं.

दुसऱ्या टोकालाही हद्द असते. मऊ गोळी ४०-५० यार्डांवर २,९०० फुटांहून जास्त वेगानं खांद्याच्या हाडावर लागली तर ती आत शिरण्याआधीच फुटते आणि बरंच मांस वाया जातं. दाट झाडीत जवळून मारणाऱ्यानं मॅग्नम (जास्त दारूचं, जोरदार काडतूस) घेतलं तर त्यात बाँडेड (गाभा आवरणाला पक्का जोडलेली) किंवा अखंड तांब्याचीच गोळी वापरावी.

धक्क्याचा हिशेब

याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं, आणि नेम बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं. हिशेब पाच मिनिटांचा आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले तिचा वेग, अधिक कवचात भरलेल्या बंदुकीच्या दारूचं ग्रेनमधलं वजन गुणिले ४,०००. बेरजेला ७,००० नं आणि मग रायफलीच्या पाऊंडांतल्या वजनानं भागा. हा झाला रायफल मागे येण्याचा वेग. त्याचा वर्ग गुणिले रायफलीचं वजन, भागिले ६४.३५, म्हणजे धक्क्याची ऊर्जा फूट-पाऊंडांत.

८ पाऊंडांच्या रायफलीत ६.५ क्रीडमूर, सुमारे ४२ ग्रेन दारू धरून, १२ च्या आसपास येतं. ७ एमएम पीआरसी, सुमारे ६८ ग्रेन दारू धरून, २५ च्या आसपास. दुपटीहून जास्त. डोंगरात न्यायला ७ पाऊंडांची हलकी रायफल घेतली तर हेच आकडे १४ आणि २९ होतात. नवी काडतुसं आणि हलक्या रायफली बहुतेक वेळा एकत्रच विकल्या जातात, म्हणून हा गुणाकार विकत घेण्याआधी करा.

२० फूट-पाऊंडांच्या पुढे बहुतेकांचा हात ट्रिगर दाबताना नकळत आवळला जातो. हे तपासायला मित्राला मॅगझीनमध्ये मधेच एखादं डमी (न उडणारं, नकली) काडतूस ठेवायला सांगा. ट्रिगर दाबला, आवाज आला नाही, आणि तरीही नळी खाली झुकली, तर ते काडतूस सध्या तरी तुमच्यासाठी जड आहे. मझल ब्रेकनं (नळीच्या तोंडावर बसवलेल्या, वायू बाजूला सोडणाऱ्या जोडानं) धक्का बराच कमी होतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. कानांवर संरक्षण न घालता त्याची एक गोळीही मारू नये, आणि शेजारच्या सोबत्यालाही तेच लागू. जिथे सप्रेसर (आवाज दाबणारा जोड) कायदेशीर आहे तिथे तो चांगला पर्याय, फक्त त्यानं रायफल लांब होते, मग नळी छोटी घ्यावीशी वाटते आणि पुढचा प्रश्न उभा राहतो.

छापील वेग आणि तुमची नळी

छापील वेग बहुधा २४ इंची चाचणी-नळीतला असतो. नळी इंचभर कमी केली की साधारण २० ते ३० फूट वेग जातो. लहान व्यासाच्या नळीत खूप दारू जाळणाऱ्या मॅग्नममध्ये घट याहूनही मोठी. अशा मॅग्नमची नळी १८ इंचांवर आणली तर धक्का आणि आवाज मॅग्नमचा राहतो, वेग मात्र मधल्या आकाराच्या काडतुसाच्या जवळ येतो.

याचा कायद्याशीही संबंध आहे. जर्मनीत मोठ्या शिकारीसाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि १०० मीटरवर २,००० ज्यूल लागतात, रो डिअर या लहान हरणासाठी १०० मीटरवर १,००० ज्यूल. स्वीडनमध्ये एल्कसारख्या मोठ्या जनावरांच्या वर्गासाठी ९ ते १० ग्रॅमच्या गोळीला १०० मीटरवर २,७०० ज्यूल हवेत, आणि १० ग्रॅम किंवा त्याहून जड गोळीला २,००० पुरतात. १४३ ग्रेन म्हणजे ९.२७ ग्रॅम. २४ इंची नळीतून ती १०० मीटरवर सुमारे २,७९० ज्यूल देते, २० इंचीतून सुमारे २,५८०. म्हणजे तीच गोळी लांब नळीतून निकषाला पुरते आणि छोट्या नळीतून कमी पडते. १५६ ग्रेनची, १०.१ ग्रॅमची गोळी घेतली की प्रश्नच मिटतो. नव्या काडतुसाचा विचार करणाऱ्यानं आपल्या शिकारक्षेत्राचा असा निकष पहिल्याच दिवशी बघून ठेवावा.

नळीचा पीळ

गोळी हवेत स्थिर राहते ती नळीतल्या चरांच्या पिळामुळे. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. अंदाजासाठी ग्रीनहिलचं १८७९ चं सूत्र अजून कामाला येतं: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचात. .२८४ व्यास आणि १.५ इंच लांबीच्या गोळीला उत्तर येतं ८.०७, म्हणजे सुमारे ८ इंचांत एक फेरा. ७ एमएम पीआरसीच्या नळ्या १:८ पिळाच्या असतात त्या याचसाठी. वेगवान गोळीला हे सूत्र थोडं जास्तच घट्ट पीळ सांगतं, पण ती चूक सुरक्षित बाजूची आहे. थंड, दाट हवेत स्थिरता कमी होते. उन्हाळ्यात समुद्रसपाटीवर जेमतेम चालणारा पीळ हिवाळ्यात दगा देऊ शकतो.

पिळानं काडतुसाचं नशीब कसं ठरतं याचा इतिहास आहे. १९५५ साली विंचेस्टरनं .२४३ आणि रेमिंग्टननं .२४४ अशी ६ एमएमची दोन काडतुसं आणली. विंचेस्टरनं १:१० पीळ देऊन १०० ग्रेनची गोळी हरणासाठी विकली. रेमिंग्टननं १:१२ देऊन छोट्या जनावरांसाठीच्या हलक्या गोळ्यांवर भर दिला. शिकाऱ्यांना एकच रायफल दोन्ही कामांना हवी होती, त्यामुळे .२४४ मागे पडलं. १९६३ मध्ये रेमिंग्टननं तेच काडतूस १:९ पिळासह ६ एमएम रेमिंग्टन या नावानं पुन्हा आणलं, पण तोवर .२४३ नं बाजार धरला होता. कवचात दारूला जागा उलट .२४४ मध्येच जास्त होती.

म्हणून अनेकदा नवं काडतूस घेण्याची गरजच नसते. जुन्याच काडतुसाची घट्ट पिळाची नळी बसवली की नव्याचा बराचसा फायदा पदरात पडतो. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम १९६२ चं, बहुधा १:९.५ च्या आसपासच्या पिळाचं. त्याला १:८ ची नळी आणि लांब गोळीला जागा देणारा थ्रोट (काडतूस बसतं त्या चेंबरच्या पुढचा, चर सुरू होण्याआधीचा भाग) दिला, तर पीआरसीशी राहिलेलं अंतर अगदी थोडं असतं.

ॲक्शन, मॅगझीन आणि दाब

काडतुसाची एकूण लांबी मॅगझीनच्या आतल्या लांबीशी ताडून बघा. ६.५ क्रीडमूर यशस्वी झालं त्याचं एक कारण हेच होतं. त्याचं कवच १.९२० इंचांचं, आधीच्या .२६० रेमिंग्टनचं २.०३५. कवच आखूड, त्यामुळे २.८ इंची मॅगझीनमध्येही लांब गोळी आत फार न दाबता बसते. उलट ६.५ पीआरसीची कमाल लांबी २.९५५ इंच आहे, म्हणून काही शॉर्ट ॲक्शनच्या (आखूड यंत्रणेच्या रायफलींच्या) मॅगझीनमध्ये ते अडतं. .३०० पीआरसी ३.७०० इंचांचं, .३०-०६ च्या ३.३४० साठी बनलेल्या मॅगझीनमध्ये ते बसतच नाही.

बोल्टचं (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याचं) तोंडही बघा. .३०८ आणि .३०-०६ च्या घराण्याला ०.४७३ इंच लागतं, मॅग्नमना ०.५३२. आहे त्या रायफलीची फक्त नळी बदलून काम होईल की बोल्टही लागेल, हे यावर ठरतं. जाड कवच आणि उभा खांदा असलेली आखूड मॅग्नम काही रायफलींत वर येताना अडखळतात. हे दुकानात डमी काडतुसांनी तपासा: मॅगझीन पूर्ण भरून, बोल्ट एकदा सावकाश आणि एकदा जोरात ओढून, रायफल थोडी तिरकी धरूनसुद्धा.

दाबाकडे बघताना नव्या-जुन्याचा फरक नीट समजतो. साममी या अमेरिकी मानक संस्थेच्या मानकात .३०-०६ ची कमाल ६०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पाऊंड) आहे, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमची ६१,०००, .३०८ आणि ६.५ क्रीडमूरची ६२,०००, .२७० विंचेस्टर आणि ७ एमएम पीआरसीची ६५,०००. नव्याचा काही वेग नुसता जास्त दाब मान्य केल्यामुळे मिळतो, त्यात जादू नाही. फेडरलचं २०२५ चं ७ एमएम बॅककंट्री ८०,००० पीएसआयवर चालतं आणि त्यासाठी पोलादी कवच वापरतं. २० इंची नळीतून १७० ग्रेनची गोळी ३,००० फुटांनी, हा त्याचा खरा लाभ, छोट्या नळीच्या हलक्या रायफलीसाठी. पण हा दाब नेहमीच्या रायफलींच्या प्रूफ चाचणीच्या (मुद्दाम जादा दाब देऊन मजबुती तपासण्याच्या) दाबाजवळ जातो. त्यासाठी निर्मात्यानं मंजूर केलेलीच रायफल हवी. जुन्या ॲक्शनचं चेंबर खोदून असं काडतूस बसवण्याचा विचारही करू नये.

टिकेल का

चांगलं काडतूस नाहीसं होऊ शकतं. .३० टीसी २००७ चं, क्रीडमूरचं कवच त्याच्यावरूनच बेतलेलं. आज ते शोधावं लागतं. २००३ च्या सुमारास आलेल्या विंचेस्टरच्या अतिआखूड मॅग्नमचीही तीच गत. टिकण्याची चिन्हं अशी: निदान तीन वेगवेगळ्या कंपन्या काडतुसं भरतात, चार-पाच कंपन्या रायफली बनवतात, रिकामी कवचं सुटी मिळतात, साममी किंवा सीआयपी या युरोपातल्या मानक संस्थेची नोंद झालेली आहे. पहिल्या दोन वर्षांत हे दिसत नसेल तर थांबा. घ्यायचंच ठरलं तर रायफलीबरोबर एकाच लॉटची निदान २०० काडतुसं घ्या. नेम बसवणं, सराव आणि दोन-तीन हंगाम एवढ्यात निघतात.

रायफल हातात आल्यावर

तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून (कागदावरच्या भोकांच्या पुंजक्यावरून) मत बनवू नका. ज्या रायफलीचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी १ इंचाचे येतात, तिचे दहा गोळ्यांचे ग्रुप सरासरी १.६ इंचांच्या आसपास येतात. रायफल तीच, खरी मोजणी दहाची. दोन काडतुसांची तुलना तीन-तीन गोळ्यांवर केली तर निकाल निव्वळ योगायोगाचा असतो.

क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) निदान दहा गोळ्यांचा वेग मोजा आणि सरासरी गणकयंत्रात घाला, छापील आकडा काढून टाका. मग तुमच्या हद्दीच्या अंतरावर प्रत्यक्ष मारून घसरण जुळते का बघा. जुळली नाही तर आधी स्कोपची उंची आणि अंतर तपासा, बीसीला हात शेवटी लावा. शिकार थंडीत असेल तर वेग थंडीतही मोजा. काही दारूंचा वेग दर अंश सेल्सिअसला १ ते ३ फुटांनी बदलतो. तीस अंशांच्या फरकात तो ९० फुटांपर्यंत जाऊ शकतो.

जुनी रायफल घरात राहणार असेल तर दोन्हींची काडतुसं वेगळ्या रंगाच्या, नाव लिहिलेल्या डब्यांत ठेवा आणि शिकारीला जाताना एकाच प्रकारची बरोबर न्या. नव्या काडतुसांची नावं एकमेकांच्या फार जवळची असतात, आणि चुकीचं काडतूस कधीकधी चेंबरमध्ये बसतंसुद्धा. .३०० ब्लॅकआउट .२२३ च्या रायफलीत असं बसू शकतं आणि उडालं की रायफल फुटते. म्हणून भरण्याआधी कवचाच्या बुडावरची अक्षरं आणि नळीवर कोरलेली अक्षरं जुळतात का, हे प्रत्येक वेळी बघा. बोल्ट नेहमीपेक्षा जड लागला तर जोर लावू नका. काडतूस बाहेर काढा, नळी रिकामी आहे का बघा आणि मगच दुसरं घ्या.